बैलांची ओळ

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माइक शिट्टी मारतो, तेव्हा मांडवातले झाडून सगळे लोक मागं वळून बघतात. नवरा-नवरीकडं त्या वेळी कुणाचं लक्ष नसतं. ज्याच्याकडं सगळे डोळे वटारून बघतात, तो काळ्या पेट्यांच्या आड बसलेला माणूस म्हणजे मी, साउंडवाला. काम नीट झालं तर आम्ही कुणाला दिसत नाही, आणि दिसलो की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

सोलापुरात आमचं दुकान वडिलांपासूनचं. त्यांच्या काळात पत्र्याचे कर्णे होते, माझ्या काळात स्पीकरची खोकी आली, मग कॉम्प्युटर आला आणि मी रेकॉर्डिंगही करू लागलो. जलसे, कीर्तनं, लग्नं, प्रचारसभा, चर्चमधली गाणी, सगळं माझ्या हातून झालंय. देव बदलला तरी वायर तीच असते, असं वडील म्हणायचे.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. एका बुवांना इको इतका प्यारा, की माइकवरून चहा मागितला तरी तो मांडवात तीनदा फिरून यायला पाहिजे. एक पुढारी भाषणाआधी माइकला टिचकी मारायचे नाहीत, थोबाडीत मारल्यासारखी थाप मारायचे. वैरागच्या एका लग्नात मुलीच्या बापाच्या कॉलरला लावलेला माइक काढायचा राहिला, आणि व्याह्यांविषयी तो बायकोच्या कानात जे बोलला ते जेवणाच्या पंगतीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. माझं साउंड इतकं स्वच्छ कधीच लागलं नव्हतं. त्या घरानं पुढं मला कधी बोलावलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की साउंडवाला आवाज वाढवतो. खरं तर आमचं निम्मं काम आवाज काढून टाकायचं असतं. माइकला अक्कल नसते. गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, कुणाचा खोकला, कावळा, वारा, सगळं तो एकाच मापानं गोळा करून आणतो. त्यातलं नको ते निवडून फेकायचं, बायका सुपात ज्वारी पाखडतात तसं. ह्या नको असलेल्या सगळ्याला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे, कचरा. आणि कचरा काढण्यात माझा हात धरणारा सोलापुरात कुणी नाही, अशी माझी ख्याती होती. मीच ती पसरवलेली होती, हेही सांगून टाकतो.

संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती लिहून झाल्या. आता जे लिहितोय ते लिहिताना माझी मान वर होत नाही.

मोडनिंबच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की एक छोटी वस्ती लागते. तिथं बरीच घरं ख्रिस्ती शेतकऱ्यांची आहेत. ज्वारी निघाली की त्यांचा हंगामाचा सण असतो. शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढं आणून ठेवायचं. कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, कुणी करडूही आणतं. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि जो तो शेजाऱ्याचा भोपळा हौसेनं घरी नेतो. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. तीत एवढी माणसं मावणार नाहीत म्हणून हा सण बाहेर चिंचेखाली व्हायचा.

गेल्या वर्षी तिथल्या गायनमंडळाचे प्रमुख विजयसर दुकानात आले. शाळेत शिक्षक आहेत, बोलायला गोड माणूस. म्हणाले, "रफिकभाई, आमचं एक जुनं गाणं आहे, सणाला म्हणतो ते. छान रेकॉर्ड करून द्या. मोबाइलवर सगळीकडं पाठवायचंय."

हे गाणं म्हणजे बायबलमधल्या एका जुन्या स्तोत्राचं त्यांच्या वाडवडिलांनी भजनाच्या चालीवर केलेलं रूप. त्यात देवाची स्तुती करायला एकेकाला हाक मारलेली आहे. आधी सूर्य, चंद्र, चांदण्या. मग गारा, वारा, डोंगर, फळझाडं, गुरंढोरं, सरपटणारे जीव, पाखरं. माणसांचा नंबर अगदी शेवटी, आणि त्यातही राजापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत आणि पोरांपर्यंत सगळे एका रांगेत.

मी चिंचेखाली माइक लावत होतो तेव्हा शांतवन आबा जवळ आले. गाणं सांगायचे तेच, म्हणजे पहिली ओळ ते म्हणणार आणि बाकीचे मागून. वस्तीत बहुतेकांनी ट्रॅक्टर घेतलेत, आबांकडं मात्र अजून बैलजोडी आहे. हरण्या आणि ढवळ्या. सणासाठी दोघांना धुऊन, गळ्यात घुंगुरमाळा घालून त्यांनी गाणाऱ्यांच्या शेजारीच खुंट्याला बांधलं होतं.

"भाई, आमचं गाणं थांबत थांबत जातंय," आबा म्हणाले. "मशिन बंद पडलं म्हनून घाबरू नका."

"थांबता कशाला?"

"ज्याला हाक मारली त्याला बोलू द्यायला नको व्हय? आपुनच हाक मारायची आन आपुनच पुढं पळायचं, ही कुटली रीत? वाऱ्याचं नाव घेतलं की वाऱ्याची ओळ. बैलाचं घेतलं की बैलाची ओळ. आपला नंबर यीस्तवर दम धरायचा."

"आणि बैल बोललाच नाही तर?"

"मंडळीतली निम्मी माणसं बी बोलत न्हाईत. म्हनून काय त्यांची जागा काढतो व्हय आपुन?"

मी हसलो. आबाही हसले, मग वर चिंचेकडं बघत म्हणाले, "आवंदा ही जाणार. हितं हॉल बांधायचा हाय. फुडल्या सणाला फरशीवर बसायचं, बैलं भाईर. तवा हे आजचं समदं तुमच्या डब्यात नीट ऱ्हाऊ द्या. लई दिसाचं हाय."

"काही काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणतो त्याला हिशेब नाही.

मग गाणं झालं. टाळ, ढोलकी आणि बायाबापड्यांचे खडे आवाज. गारांची ओळ आली तेव्हा सगळे जरा खालच्या आवाजात म्हणाले, कारण त्याआधीच्या वर्षी गारांनी कितीतरी द्राक्षबागा झोपवल्या होत्या. एक बागवाला तर तोंड मिटून बसला होता. आबांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ती ओळ एकट्यानं खड्या आवाजात म्हटली. वाऱ्याची ओळ झाली, सगळे गप्प बसले, आणि वर चिंचेचा पाला सळसळला. झाडाची ओळ झाली, तेव्हाही तोच पाला. गुरांची ओळ झाली, गप्प. हरण्यानं मान हलवली, घुंगरं वाजली, लांब कुणाची तरी शेळी ओरडली. पाखरांच्या ओळीला साळुंक्यांनी गलका केला आणि कडेला टोपलीखाली झाकलेला कोंबडा आरवला. कुणी हसलं नाही. ते त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि मग आपली ओळ उचलली.

मी त्या वेळी काय करत होतो? कानाला हेडफोन लावून कपाळाला आठ्या घालत होतो. मनात मोजत होतो की कोंबडा काढावा लागेल, शेळी काढावी लागेल, वाऱ्याचं अवघड आहे.

नंतर लिलाव सुरू झाला. मी हेडफोन काढायला हात वर केला आणि तीच माझी बोली समजून तो कोंबडा माझ्या गळ्यात पडला. सगळी वस्ती पोट धरून हसली. मी कोंबडा घेऊन सोलापूरला आलो.

दोनेक दिवसांनी विजयसरांचा फोन आला. "रफिकभाई, गाणं जरा टाइट करा. मधेमधे फार गॅप आहेत. मोबाइलवर लोक ऐकतात, जरा थांबलं की पुढं सरकवतात."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकानं सांगायचं असतं. पण मला आबांनीही सांगितलं होतं, आणि त्या वेळी ते मला आठवलं नाही असंही नाही. आठवलं, आणि वाटलं, म्हाताऱ्याची हौस. मी कामाला लागलो. एकेक रिकामी जागा कापली आणि ओळीला ओळ जोडली, सांधा कुठं आहे ते माझं मलाही कळू नये इतकी बेमालूम. माणसांच्या आवाजामागचा पाला घासून काढला, घुंगरं काढली, शेळी काढली. पाखरांची ओळ मग फार कोरडी वाटायला लागली. कॉम्प्युटरमध्ये पक्ष्यांचा किलबिलाट तयार मिळतो, कुठल्या मुलखातले पक्षी असतात कोण जाणे. तो तिथं चिकटवला. म्हणजे चिंचेवरच्या साळुंक्या हाकलल्या आणि त्यांच्या जागी भाड्याची पाखरं बसवली. कोंबड्याची बांग कॉम्प्युटरवर कापली आणि कोंबडा त्याच रविवारी घरी कापला.

गाणं ऐकून मी स्वतःवरच खूश झालो. विजयसर तर फोनवर भावनावश झाले. गाणं गावोगाव गेलं. जेऊरच्या एका लग्नात एक अनोळखी माणूस मला म्हणाला, "त्या गाण्यातले पक्षी काय जिवंत वाटतात हो." मी मान डोलावली. लग्नसराई तोंडावर होती, कॉम्प्युटरमध्ये जागा लागत होती, म्हणून धंद्याच्या रीतीप्रमाणं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. काम हातावेगळं झालं की आम्ही पुसतोच.

उन्हाळ्यात आबा डोळे तपासायला सोलापूरला आले होते, ते पत्ता विचारत विचारत दुकानात आले. मी खुर्ची दिली, थंड मागवलं.

"भाई, आमचं त्ये गाणं ऐकवा की. सरांच्या मोबाइलवर ऐकलं, पर त्येचा आवाज चिरका हाय. तुमच्या डब्यात नीट आसंल."

मी त्यांच्या कानाला चांगला हेडफोन लावला. माझ्याकडचा सगळ्यात चांगला. आबा डोळे मिटून ऐकायला लागले. वाऱ्याची ओळ झाली तशी त्यांनी मान थोडी पुढं केली, बहिरं माणूस करतं तशी. गुरांची ओळ आली आणि गेली. मग त्यांनी डोळे उघडले आणि गाणं संपेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"हे कुणाचं हाय?"

"तुमचंच की आबा."

"मग बैलं कुटं गेली?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आबा, ते सगळं मागचा कचरा असतो. काढावा लागतो."

शब्द बाहेर पडला आणि माझा मलाच ऐकू आला. इतकी वर्षं तो शब्द मी वापरतोय, तो असा कधी ऐकला नव्हता. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेली गिऱ्हाइकं मी हाताळू शकतो, त्यात आयुष्य गेलंय. आबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बरं. मग त्यो कचरा कुटं टाकलाय? तेवढा द्या की मला. गाण्याचं ऱ्हाऊ द्या."

मी कॉम्प्युटरवर शोधल्याचं नाटक केलं. हे इकडं बघ, ते तिकडं उघड. तिथं काही नाही हे मला माहीत होतं. शेवटी म्हणालो, "आबा, ते पुसलं गेलं."

"आन चिंच?" असं ते म्हणाले नाहीत, पण मला माहीत होतं की चिंच त्याच आठवड्यात पडली होती. विजयसरांनी फोटो पाठवला होता, हॉलच्या पायाचा. आबांनी थंड अर्धं ठेवलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिच्याकडून सांत्वन होईल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "अम्मा क्या बोलती थी? झाडां, पाखरां, पत्थरां, हर चीज रब की तस्बीह पढती. तुमकू याद नै क्या?"

याद कशी नसेल? लहानपणी पहाटे चिमण्यांनी कलकलाट केला की आम्ही पोरं वैतागून उशी डोक्यावर घ्यायचो. आई ती उशी ओढून काढायची. म्हणायची, त्या तुमच्या आधी उठून अल्लाचं नाव घेतात, त्यांना नावं ठेवू नका. म्हणजे आबा जे सांगत होते ते मला नवीन नव्हतं. माझ्या घरातलंच होतं. बायबलमधला तो कवी आणि माझी आई एकच गोष्ट सांगत होते, आणि ती गोष्ट घासून पुसून काढायचं काम मी हौसेनं केलं होतं. माझी मला इतकी लाज वाटली की हातातला घास मी परत ताटात ठेवला. बायकोनं ताट उचललं.

यंदा ज्वारी निघाली तसं विजयसरांनी परत बोलावलं. हॉल झाला होता. गुळगुळीत फरशी, काचेच्या बंद खिडक्या. आबा दारात उभे होते. बैलं बाहेर, हॉलच्या भिंतीपाशी, उन्हात. पुन्हा धुतलेली, पुन्हा घुंगुरमाळा.

"भाई, एक काम करा," आबा म्हणाले. गेल्या वर्षीचं काही झालंच नाही असं बोलत होते. "बैलांना आत घेत न्हाईत. मला तर आत गावं लागतंय. माजा आवाज तेवढा भाईर जाऊ द्या. म्हंजी ह्यांना कळंल, आपली ओळ कवा हाय ती."

मला वाटलं, देवानं भरपाईची संधी दिली. मी एक खोकं बाहेर बैलांच्या बाजूला लावलं, आबांना वेगळा माइक दिला. "काही काळजी करू नका," म्हणालो.

गाणं सुरू झालं आणि पहिल्याच दोन ओळींत काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. नव्या पोरापोरींनी गाणं मोबाइलवरून पाठ केलं होतं, मी कापून जोडलेल्या त्या गाण्यावरून. वाऱ्याची ओळ झाली आणि ते न थांबता पुढं गेले. थांबायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जिथं मी सांधा केला होता तिथून ते सरळ, बेमालूम निघून जात होते. वस्तीतली जुनी माणसं एकदोनदा अडखळली आणि मग पोरांबरोबर निघाली. थांबत होते एकटे आबा. प्रत्येक नावानंतर गप्प उभे राहायचे आणि मग आपली ओळ उचलायचे, तोवर बाकीचे पुढं पोचलेले. दोन गाणी एकमेकांत अडकल्यासारखं झालं. पोरी तोंडावर ओढणी धरून हसू दाबायला लागल्या. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले.

विजयसरांनी लांबून माझ्याकडं बघितलं आणि तळहात हळूच खाली दाबला. आमच्या धंद्यात ही खूण सगळ्यांना कळते. आबांचा आवाज कमी करा.

मिक्सरवर प्रत्येक माइकची एक सरकती खुंटी असते. वर केली की आवाज वाढतो, खाली केली की जातो. बाहेरच्या खोक्याचं बटण वेगळं असतं. आतला आवाज कमी करून बाहेरचा तसाच ठेवता येतो, आणि हे मला झोपेतही जमतं. पण गिऱ्हाइकाची खूण आली की विचार करायच्या आधी हात जातो. मी आबांची खुंटी पूर्ण खाली ओढली. आत आणि बाहेर, दोन्हीकडं आबा गेले. गाणं एकदम सुरळीत झालं. विजयसरांनी अंगठा दाखवला.

चूक कळायला मला क्षणही लागला नाही. खुंटी परत वर करायला माझा हात मोकळा होता. पण पुन्हा ती दोन गाणी अडकणार, पुन्हा सगळे मागं वळून बघणार, माझ्याकडं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. समोर आबांचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. बैलांच्या ओळीला ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

सगळं संपल्यावर मी बाहेर वायर गुंडाळत होतो. आबा आले, बैलांच्या खुंट्यापाशी गेले आणि हरण्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

"भाई, माजा आवाज आला व्हता का हितं भाईर?"

"आला की आबा," मी म्हणालो. "अगदी स्वच्छ आला."

आबांनी मान हलवली. हरण्याच्या कानामागं खाजवत राहिले. मग त्याचा कान हातात धरून, वाकून आत बघितलं.

"मी खिडकीतनं बघत व्हतो," ते म्हणाले. "ह्येनं मान न्हाय हलवली. म्हातारा झाला, भाई. ह्येलाच ऐकू कमी येत आसंल आता."

मी वायर गुंडाळत राहिलो.